पुस्तकातल्या माणसांचे पत्ते

शकूरचाचा पुस्तकातल्या माणसांना पत्ते द्यायचे. एखाद्या कादंबरीत म्हातारा मास्तर असला, तर तो सुलतानपूरला बसस्टँडच्या मागं राहतो, त्याच्या घराला पुढून एक आणि मागून दोन दारं आहेत, मागच्या दारापाशी त्याची म्हैस बांधलेली असते, हे चाचा अशा थाटात सांगायचे की आदल्या दिवशी तिथं चहा पिऊन आले असावेत. लेखकानं गावाचं नाव दिलेलं नसायचं. दिलं असलं तरी चाचा ते मानायचे नाहीत.

"लेखकाले काय मालूम?" ते म्हणायचे. "तो बसला शहरात. त्याले दुरून जसं दिसलं तसं त्यानं लिहिलं. मी त त्या गल्लीतून रोज जातो."

मी अमडापूरच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन खोल्या, पुढं ओसरी, आठ कपाटं आणि त्यातल्या दोन कपाटांची दारं लागत नाहीत. पुस्तकांशी माझं नातं वाण्याचं गुळाशी असतं तसं आहे. रोज हाताळायचा, मुंग्या लागू द्यायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला हवा तेवढा द्यायचा. चाखत बसायला वेळ नसतो.

चाचा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांवर कापूस होता. ते गाद्या भरायचे. कापूस पिंजायचं मशीन तीनचाकी गाडीवर बसवलेलं, ते घेऊन गावोगाव फिरायचे. साठी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, गळ्यात गमछा. काउंटरशी येऊन म्हणाले, "मॅडम, जाडं पुस्तक द्या. बारीक असलं का दोन घरात संपून जाते."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जुनी गादी उसवायची, आतला दबलेला कापूस काढून बाजेवर उन्हात पसरायचा. चांगला तापला की मगच मशीनमध्ये घालायचा, नाही तर गुठळ्या राहतात. तो तापेपर्यंत दोन-अडीच तास त्या घराच्या ओट्यावर बसून राहावं लागतं. त्या वेळात चाचा वाचायचे. म्हणून त्यांच्याकडं पुस्तकाचं माप पानांत नव्हतं, घरांत होतं. "हे पाच घरं चाललं," असं म्हणून ते पुस्तक परत करायचे. एका कादंबरीला चौदा घरं लागली, तेव्हा मात्र म्हणाले, "लेखकानं थोडी रुई कमी भरली असती त चाललं असतं."

त्यांनी परत केलेल्या पुस्तकांत पानापानाला कापसाचे तंतू असायचे. मी रागवायची, "चाचा, कीड लागेल."

"रुईले कीड नाही लागत, मॅडम. सरकीले लागते. मी सरकी येऊ देत नाही."

पुस्तक उघडलं की ते तंतू उठायचे आणि खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचे. मी झाडणी हातात घेऊन उभी असायची आणि ते खाली बसायची वाट पाहायची. ते बसायचे नाहीत. दुपारच्या त्या वेळेला रस्त्यावर कुणी नसतं, टेकडीवरच्या देवळाचा झेंडा तेवढा हलताना दिसतो. कधी कधी मी चांगली पाच-पाच मिनिटं तशीच उभी असायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. काम सोडून कापूस बघत बसणारी बाई मी नव्हे.

वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी वाचकांची बैठक असते. वाचलेल्या पुस्तकाविषयी ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगायचं. मी सूचना फलकावर 'अभिप्राय' असा मथळा लिहिला होता, तेच बैठकीचं नाव पडलं. "या रविवारी अभिप्राय हाय का?" असं लोक भाजी घेता घेता विचारतात. दहा-बारा जण येतात. सगळे आपापल्या परीनं ठाम. निवृत्त शिक्षक वानखडे सर भाषेवर बोलतात आणि कुठलंच पुस्तक त्यांना पूर्ण पसंत पडत नाही. बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या गजाननभाऊंना शेवटी न्याय मिळालेला लागतो, मिळाला नाही तर ते पुस्तक माझ्यासमोर आपटतात, जणू मीच निकाल दिला.

आणि सुमनताई. विहिरीवरच्या दोन एकरांत मेथी, वांगी, कोथिंबीर काढायची आणि बाजाराच्या दिवशी ती विकायला बसायचं, हे त्यांचं काम. वाचन मात्र अफाट. त्यांचा अभिप्राय नेहमी स्वयंपाकघरातून निघायचा. एका गाजलेल्या कादंबरीबद्दल त्या म्हणाल्या, "हे बाई पाह्यल्या पानापासून रडून राह्यली. पन अख्ख्या पुस्तकात तिनं एक डाव भाजी निवडली नाही का भाकर थापली नाही. मंग हे लोक जेवले काय?" वानखडे सर म्हणाले, "अहो, ते गृहीत असतं." सुमनताई म्हणाल्या, "तेच त. सगळ्याईनं गृहीतच धरलं तिले."

अशा बैठकीत चाचा पत्ते घेऊन आले. सुरुवातीला वानखडे सर वैतागले. "शकूरभाई, अभिप्राय द्या. भूगोल नको."

"सर, मानूस कुठं राह्यते हे समजल्याशिवाय तो चांगला का बुरा हे मी कसं सांगू? पुस्तकातला सावकार मले पटला नाई. काऊन? काऊन की तो जिथं राह्यते तिथं एवढा वाईट मानूस टिकूच शकत नाही. शेजारची बाई त्याले रोज शिव्या देईल."

"शेजारची बाई पुस्तकात नाही!"

"पुस्तकात नसंल. घराच्या बाजूले हाय."

सहा महिन्यांत असं झालं की चाचा बोलायला उठले की लोक आपणहून विचारायचे, "चाचा, हे कुठीसा राह्यते?" त्यातून गंमत म्हणजे त्या माणसांची पुढची हालहवालही यायची. कादंबरी संपून वर्ष झालेलं, आणि चाचा सांगायचे की त्या मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता बरं दिसतं. गजाननभाऊ गंभीरपणे म्हणायचे, "बरं झालं."

एकदा भाचीच्या लग्नाला लोणारकडं जाताना माझी बस सुलतानपूरला थांबली. मी खिडकीतून बसस्टँडच्या मागं पाहिलं. एक घर होतं. दोन दारं होती. म्हैसही होती. बस सुटेपर्यंत मी त्या दारातून कुणी बाहेर येतं का ते पाहत होते. नंतर स्वतःचाच राग आला. म्हैस काय, कुठंही असते.

हे सगळं सुचतं कसं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सुचत नाही, मॅडम. ज्या ओट्यावर बसून वाचतो, त्या ओट्याच्या आजूबाजूची घरं पुस्तकात शिरते. मान वर केली का समोर एक दार दिसते. खाली केली का पुस्तकातलं दार. दोन-चार डाव वर-खाली झालं का मंग एकच दार राह्यते."

ज्या पुस्तकावरून सगळं घडलं, त्यातली गोष्ट साधी होती. एक मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून जाते. बाप तिच्या नावानं आंघोळ करतो, म्हणजे ती मेली असं जाहीर करतो. आई दारात बसून राहते. मुलगी कुठं गेली, तिचं काय झालं, हे लेखक सांगतच नाही. शेवटच्या पानावरही आई दारातच असते.

त्या रविवारी चाचा उठले ते चिडूनच. "लेखकानं पोरीले वाऱ्यावर सोडून देलं. मी नाही सोडत. मी सांगतो ते कुठं हाय. रोहिणखेडले हाय. जुन्या मशिदीच्या मागून गल्ली जाते, तिथलं तिसरं घर. दारात शेवग्याचं झाड. पोरीनं स्वतः लावलं, मायच्या दारात होतं म्हनून. शिलाई मशीन चालवते. एक लेक हाय चार वर्साची. नवरा बरा हाय, जास्त बोलत नाई. मायची याद येते, पन फोन लावत नाई. बापानं उचलला त?"

मी फळ्याकडं पाहत होते. वानखडे सर चष्मा पुसत होते. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं. सुमनताईंची मनीषा सात वर्षांपूर्वी अशीच गेली होती. नवऱ्यानं तिच्या नावानं आंघोळ केली आणि घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं बजावलं. दोन वर्षांपूर्वी तो वारला. नाव तरीही कुणी घेत नव्हतं.

सुमनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "तिसरं घर?"

"हाव. तिसरं," चाचा म्हणाले. आणि पुढच्या वाचकाची पाळी आली.

त्याच आठवड्यात बुधवारी सुमनताई वाचनालयात आल्या. हातात पुस्तक नव्हतं, कापडी पिशवी होती. त्यांनी पिशवीतून एक फ्रॉक काढून माझ्या टेबलावर ठेवला. पिवळा, कमरेला पट्टा असलेला, चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा. घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"मॅडम, मी काल रोहिणखेडले गेल्ती."

"कशाला?"

"चिखली, बुलडाणा, मंग घाट उतरून मोताळा, तिथून ऑटो. पयल्यांदाच गेली. मशीद सापडली. गल्ली बी सापडली. लोक चांगले होते, बसा म्हने, पानी देलं. पन मनीषा कोनाले मालूम नाही." सात वर्षांत गावातल्या कुणासमोर त्यांनी ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं आणि त्यांना ते कळलंही नाही. "तुमी चाचाले एवढं इचारून सांगा, तिसरं घर कोन्या बाजूनं मोजाचं? मी मशिदीकडून मोजलं. तिकडून मोजाचं असंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाचांनी पुस्तकातल्या मुलीचा पत्ता सांगितला होता. सुमनताईंना वाटलं होतं की गावोगाव फिरणाऱ्या माणसाला मनीषा कुठंतरी भेटली, आणि चारचौघांत उघड सांगता येत नाही म्हणून पुस्तकाआडून निरोप दिला. त्यांच्या दारात शेवगा आहे. दुसरं काय वाटणार?

"विचारते," मी म्हणाले. त्यांनी फ्रॉक पुन्हा घडीवरून हात फिरवून पिशवीत ठेवला आणि गेल्या.

आता इथं मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. मनीषा कुठं आहे हे मला माहीत होतं. ती जालन्याला होती. चार वर्षांपूर्वी तिनं वाचनालयाच्या नंबरवर फोन केला होता. "मॅडम, आई अजून पुस्तकं नेते का? सध्या काय वाचते?" मी नाव सांगितलं. तेच पुस्तक तिनं तिथल्या वाचनालयातून आणून वाचलं. त्यानंतर दर महिन्या-दीड महिन्यानं तिचा मेसेज यायचा, 'आई काय वाचतेय?' आणि मी पुस्तकाचं नाव पाठवायची. आई अमडापुरात वाचायची, लेक जालन्यात. आईला सांगू नका, बाबांना कळलं तर आईलाच ऐकून घ्यावं लागेल, असं तिनं बजावलं होतं. बाप वारल्याचं मी तिला कळवलं, तेव्हा तिनं विचारलं, 'मी येऊ का?' मी उत्तर पाठवलं, 'ते तुझं तू ठरव.' मी ग्रंथपाल आहे, लोकांच्या घरच्या भानगडीत पडत नाही, असं माझं धोरण होतं. ती आली नाही. मेसेज येत राहिले, मी नावं पाठवत राहिले. आई दारात बसून राहते त्या कादंबरीचंही नाव पाठवलं होतं.

म्हणजे खऱ्या मुलीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि सुमनताई तीन गाड्या बदलून खोट्या पत्त्यावर जाऊन आल्या.

तरी मी आधी गेले ती चाचांना बोलायलाच. माणूस असाच असतो. ते बाजारगल्लीतल्या एका अंगणात काम करत होते. मशीन चालू होतं आणि सगळं अंगण पांढरं झालं होतं. तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, कुंपणावर, सगळीकडं कापूस. त्या धुरकट पांढऱ्यात चाचा गमछा बांधून उभे होते, नीट दिसतही नव्हते. मी ओरडले, "बंद करा ते!" मशीन थांबलं. कापूस मात्र हवेतच राहिला.

मी त्यांना सगळं सांगितलं. फ्रॉकचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला. "कोणाच्या काळजाशी खेळता तुम्ही? तुम्हाला बसल्या बसल्या घरं दिसतात आणि लोक तिथं जाऊन दारं वाजवतात!"

चाचा खाली बसले, उसवलेल्या गादीच्या खोळीवरच. गमछ्यानं तोंड पुसलं.

"ते तिसरं घर माझ्या सासऱ्याचं होतं, मॅडम," ते म्हणाले. "पडलं. आता नुसती जागा हाय, बाभळी उगवल्या. शेवगा बी तथी नाही. शेवगा सुमनबाईच्या दारातला हाय. तिची गादी भरत होतो तवा तिच्याच ओट्यावर ते पुस्तक वाचलं मी. मले ध्यानातच आलं नाही का कोनाच्या ओट्यावर बसून कोनतं पुस्तक वाचून राह्यलो."

मी पदरावरचा कापूस झटकला.

"मी जातो. सांगतो का मी खोटं बोललो." ते उठले आणि पुन्हा बसले. "पन मॅडम, पोरगी जित्ती त हाय नं? एवढं तरी कोनाले मालूम असंल."

उत्तर द्यायला मी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात त्यांना कळलं असावं.

"आहे. जालन्याला आहे. बरी आहे. तिला एक मुलगी आहे."

"तुमाले कवापासून मालूम हाय?"

"चार वर्षं."

मला वाटलं, आता माझी पाळी. पण चाचांच्या चेहऱ्यावर चक्क उजेड पडला. "मंग मी खोटं काय बोललो?" ते म्हणाले. "लेक हाय म्हनलं, हाय. बरी हाय म्हनलं, बरी हाय. गाव तेवढं चुकलं." आणि लगेच उभे राहून गमछा झटकला. "चाला. कापूस पडू द्या तसाच."

सुमनताई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. चाचा अंगणातच थांबले, वर आले नाहीत.

"बाई, मी चुकलो. रोहिणखेडले कोनी नाही. मी पुस्तकातलं बोलत होतो. शेवगा तुमच्याच दारचा होता."

सुमनताईंनी शेवग्याकडं पाहिलं. हातातली जुडी बांधून पूर्ण केली. "म्हंजे ते नाहीच?"

"आहे," मी म्हणाले. "जालन्याला." आणि मग जे होतं ते सगळं सांगितलं, कमी न करता. मेसेजचं, पुस्तकांच्या नावांचं, 'ते तुझं तू ठरव' हेसुद्धा.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या उठून आत गेल्या, तांब्या-पेला घेऊन आल्या आणि चाचांना पाणी दिलं. मला दिलं नाही. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "लावा फोन."

मी आधी मेसेज केला, 'आईशी बोलशील का? आत्ता.' उत्तर मिनिटभरात आलं, 'हो.' सुमनताईंना ऐकायला जरा कमी येतं, म्हणून स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवला, पिलू धरावं तसा.

"हां," त्या म्हणाल्या.

"हां, आई," तिकडून आलं.

माणसं तुटली की बोलायचं इतकं साठतं की त्यातलं आधी काय काढावं ते कळत नाही. "जेवली का?" असं सुमनताईंनी विचारलं. "जेवली." रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत दोघी गप्प. मला वाटलं, आता फोन ठेवतील आणि संपलं. चाचा जमिनीकडं पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मग मनीषा म्हणाली, "आई, ते पुस्तक वाचलं का तू? ती पोरगी निघून जाते ते?"

"वाचलं."

"कसं वाटलं?"

सुमनताई सरसावून बसल्या, अभिप्रायाला बसतात तशा. "पोरीचं बराबर हाय."

"अन् मायचं?"

"माय चुकली. दारात बसून राह्यली नुसती. उठाले पाह्यजे होतं तिनं."

"उठू देलं नसंल तिले कोनी, आई."

"नाही," सुमनताई म्हणाल्या. "तसं नाही. कोनी अडवाले नसतं तरी ते उठली नसती. मले मालूम हाय. तुया बाप जाऊन दोन वर्स झाले."

मी ओटा उतरून अंगणात आले. पुढचं मी ऐकलं नाही, चाचांनाही ऐकू दिलं नाही. आम्ही दोघं बाजारगल्लीकडं चालत गेलो. अर्ध्या वाटेत चाचा म्हणाले, "मॅडम, जालन्यात कोनत्या भागात राह्यते?" मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू असला वाचक त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी मनीषा आली. मुलगी सहा वर्षांची निघाली, फ्रॉक तिला झाला नाही. सुमनताईंनी तो तरीही अंगाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "मी एवढीच म्हनून धरली होती." माझ्याशी त्या तीन महिने तुटक बोलत होत्या. पुस्तकं मात्र नेत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर नेली नसती.

चाचांनी पत्ते देणं सोडलं नाही. मीच म्हणाले, सोडू नका. पण त्यानंतर पत्ता सांगून झाला की हात जोडून म्हणायचे, "हे किताबातलं हाय बरं. कोनी जाऊ नका." लोक हसायचे. गजाननभाऊ म्हणायचे, "जाऊन पाह्यलं त काय बिघडते?"

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. थंडी हाच गाद्या-रजयांचा हंगाम, आणि त्याच हंगामात त्यांना श्वास पुरेनासा झाला. आयुष्यभर कापूस छातीत गेलेला. बुलडाण्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते. मी एक पुस्तक घेऊन गेले होते. ते त्यांनी हातात घेऊन जाडी पाहिली आणि परत दिलं. "हे आठ घरं चाललं असतं," म्हणाले. "आता एकाच खाटेवर कसं वाचू? इथं सगळी एकाच घरची मानसं दिसते."

ते गेल्याचं कळल्यावर मी आणि सुमनताई त्यांच्या घरी गेलो. मनीषाही आली होती. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. जुबेदाचाची, त्यांच्या पत्नी, यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगण्या, सावळ्या, शांत. त्यांना वाचता येत नाही, हे मला चाचांनी कधी सांगितलं नव्हतं. चाचा रोज जेवताना त्यांना पुस्तकं सांगायचे, आणि पुस्तकांसोबत आमचीही हकिकत सांगायचे, हे मला तिथं कळलं.

मी नाव सांगितलं. वाचनालयातली मॅडम, म्हणाले.

चाची माझ्याकडं नवलानं बघत राहिल्या. "तुम्ही खऱ्या हाय?" त्या म्हणाल्या. "मी त तुमाले किताबातलं समजत होती. ते वानखडे सर, ते बियाचे दुकानवाले, सगळे. एवढे चांगले सांगत होते ते, मले वाटे किताबच चालू हाय."

आजूबाजूच्या बायकांना हसावं की नाही ते कळेना. मलाही कळेना.

"मंग ते बाई?" चाचींनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ज्या बाईची लेक गेल्ती अन् सात वर्सांनं फोनवर बोलली ते? ते बी खरी हाय का? का ते किताबातलीच हाय? मी त्याह्यले कितीदा इचारलं, खरं सांगा, सापडली का तिले लेक. ते हाव म्हनत. पन ते त साऱ्याच गोष्टीले हाव म्हनत."

मी बाजूला सरकले. माझ्या मागं सुमनताई बसल्या होत्या आणि त्यांना टेकून मनीषा.

"ही बघा," मी म्हणाले.

जुबेदाचाची गुडघ्यावर हात टेकत पुढं झाल्या. त्यांनी आधी सुमनताईंचा दंड दाबून पाहिला, मग मनीषाचा. चांगला घट्ट दाबला. मग मागं टेकून बसल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच रडल्या.